राजेश्वरीच्या साईटला वेळ लागतोय

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका दुमजली ऑफिसात, टेबलापलीकडच्या मोठ्या स्क्रीनवर, पांढऱ्या पानाच्या मधोमध एक बारकं चाक गरगर फिरायला लागलं आणि विजयसिंह खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसला. तोवर मुलाखत बरी चालली होती. केस काळे केलेले, शर्टाला कडक इस्त्री, बॅगेत लॅपटॉप. वेबसाइटी बनवणारी ही कंपनी, आणि समोर बसलेली करुणा मॅडम तिची मालकीण, वयानं ह्याच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. 'तुमचं एखादं काम दाखवा ना, सर,' असं ती म्हणाली तेव्हा हा खुशीत आला होता, कारण दाखवायला ह्याच्याकडं एकच काम होतं आणि ते देखणं होतं. बायकोच्या काळ्या तिखटाची वेबसाइट, राजेश्वरी मसाले. त्यानं लॅपटॉप काढून झाकण उघडलंसुद्धा. पण करुणा म्हणाली, 'राहू द्या, सर. पत्ता सांगा, इथूनच उघडते. बाहेरच्या माणसाला कशी दिसते ते बघायचं असतं ना.' तिनं पत्ता टाइप केला आणि चाक फिरायला लागलं. बाहेरच्या माणसासाठी त्या साईटला मुद्दाम खोळंबा लावून ठेवलेला आहे, आणि तो आपणच लावलाय, हे विजयसिंह साफ विसरून गेला होता.

विसरणार नाही तर काय! त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ती साईट बोट लावायचा अवकाश, की उघडायची. आतल्या कोडमध्ये त्यानं एक ओळ घातली होती: पान मागणारा माणूस आला की त्याला थोडा वेळ नुसता दारात उभा कर, मग आत घे. आणि खाली दुसरी ओळ: मालक आला तर ताबडतोब आत घे. मालक म्हणजे विजयसिंह. म्हणून महिनोन्‌महिने ती साईट सगळ्या जगाला रखडत होती आणि ह्या एकट्याला पळत होती, आणि बघून बघून ती पळणारी साईट हीच खरी साईट असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. माणूस स्वतः केलेल्या लबाडीतसुद्धा असा आरामात राहायला लागतो, बिऱ्हाड थाटतो. टेबलाच्या कोपऱ्यावर पितळेची इवलीशी बुद्धाची मूर्ती होती. आत आल्या आल्या ती ह्याच्या नजरेत भरली होती आणि मनानं आपला जुना धंदा सुरू केला होता: आडनाव काय, गाव कुठलं, कुणाच्यातली. बावड्याची, असं तीच बोलता बोलता म्हणाली, वडील तिथं शाळेवर शिक्षक होते. पुढचं ह्यानं मनातल्या मनात जुळवलं. आता हिच्यापुढं आपण हात बांधून बसायचं, असं मनानं तोंड वाकडं करून म्हटलं, आणि तोंडानं तो 'हो मॅडम' म्हणाला. आता चाक फिरत होतं, मॅडम हनुवटीखाली हात धरून बघत होत्या, आणि विजयसिंहच्या मानेवरून घामाचा एक थेंब कॉलरीत उतरला.

असं कुणीतरी चाकाकडं बघत बसलेलं त्यानं हजारदा पाहिलं होतं. पण ती बायको असायची. लोणी देवकरच्या कारखान्यात विजयसिंह कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा, लोक 'साहेब' म्हणायचे, मशीन अडलं की गेटपर्यंत त्याचं नाव पुकारलं जायचं. मग तो विभागच पुण्याला हलवला आणि ह्याला म्हणाले, तुम्ही आता घरी जा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला कळलं की इंदापूरच्या त्या घरात आपल्यावाचून काहीही अडत नाही. पाणी येतं, गॅस येतो, आई प्रयागबाईची औषधं येतात, सगळं ह्याच्या बायकोच्या हातानं. तिनं त्याच सुमाराला काळं तिखट विकायला काढलं होतं. ती पळसदेवची, माहेर धरणाच्या पाण्याच्या काठाला; तिच्या आईच्या हातचा माशाच्या कालवणाचा मसाला त्या काठच्या गावांत नावाजलेला. तो हात हिनं उचललेला. सुरुवातीला शेजारीपाजारी, मग बायकांचे ग्रुप, मग पुण्यातनं फोन. एक दिवस तीच आली, हात पदराला पुसत, आणि म्हणाली, 'अहो, ते वेबसाईट का काय म्हणत्यात, ते तुमाला येतंय न्हवं? मला करून द्या की.' त्या 'करून द्या की'नं विजयसिंहच्या अंगात वारं शिरलं. कितीतरी दिवसांत कुणी त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं.

नाव त्यानंच ठरवलं, राजेश्वरी मसाले. म्हणजे तिचंच नाव. आणि तेही त्यानंच ठेवलेलं. लग्नात ती आली तेव्हा म्हाळसा होती. घराणं मोठं, वडील हिंदुराव पंचक्रोशीत मान असलेले, आणि सुनेचं नाव म्हाळसा! विजयसिंहला ते फार खटकलं होतं. पत्रिकेत 'विजयसिंह आणि म्हाळसा' वाचून मित्र हसले होते. मग सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं: ताटात तांदूळ पसरले, भटजींनी अंगठी हातात दिली, आणि त्यानं तांदळावर सावकाश, ठसठशीत, एकेक अक्षर काढलं. रा जे श्व री. जोडाक्षराला तांदूळ दोनदा विस्कटले, बायका हसल्या. ती खाली मान घालून ताटाकडं बघत होती. भटजी म्हणाले, वाचा सूनबाई, आणि तिनं परीक्षेतला धडा वाचावा तसं वाचलं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ धुऊन आईनं शिजवले, पाहुण्यांच्या पंगतीला वाढले, आणि म्हाळसाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

पण त्या नावाला ती ओ देईना. हिंदुराव ओसरीवरून हाक मारायचे, राजेश्वरी, चहा आण. आतून काही नाही. पुन्हा हाक. काही नाही. तिसऱ्या हाकेला भांडं आपटल्याचा आवाज आणि 'आलेऽऽ'. पाहुण्यांसमोर हे झालं तेव्हा विजयसिंहनं तिला आतल्या खोलीत धरलं होतं, दंडाला बोटं उठेपर्यंत. 'बहिरी हायेस का तू? का मुद्दाम करतीस?' ती घाबरून म्हणाली, 'मुद्दाम न्हाय वो. माझं नाव हाय ते ध्यानातच ऱ्हात न्हाय. आदी वाटतं दुसऱ्या कुणाला हाक मारतायत. मंग कळतं.' हळूहळू घरानं हाक मारणंच सोडलं. हिंदुराव गेले. आई तिला 'पोरी' म्हणते. विजयसिंह 'अगं' म्हणतो. म्हणजे बघा, एवढं हौसेनं ठेवलेलं नाव, आणि जगात ते बोलणारं कुणी उरलं नाही. रेशनकार्डावर होतं, आधारवर होतं. ते पुन्हा कुणीतरी बोलावं म्हणून तर त्यानं वेबसाइटला ते दिलं. डोमेन आपल्या नावावर घेतलं, पासवर्ड आपल्याजवळ ठेवला, आणि तिला म्हणाला, 'हे बघ, आता साऱ्या जगात तुझं नाव.' ती स्क्रीनकडं बघून म्हणाली, 'बरं दिसतंय.'

आणि मग ते सुंदर दिवस आले. नवीन नाव साईटला जोडलं की ते सगळीकडं पोचायला वेळ लागतो. कुठं लगेच दिसतं, कुठं दुसऱ्या दिवशी. विजयसिंहला हा खोळंबा ठाऊक होता. बायकोला नव्हता. पुण्याच्या बाईला दिसते आन् अकलूजच्या मावशीला दिसत न्हाय, असं कसं हो? पुढं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावलं की उघडते, नाही लावलं की नाही. एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर 'ही साईट सुरक्षित नाही' असा लाल इशारा आला, तर त्या बाईंनी फोन करून विचारलं, 'का हो ताई, मसाल्यात काय घालता काय?' ती रडकुंडीला आली. सुपात लसूण घेऊन ती ह्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर येऊन बसायची, सोलता सोलता वर बघायची आणि विचारायची, 'आता तरी उघडतीया का?' तो भुवया आकसून स्क्रीनकडं बघायचा, दोनचार बटणं उगाच दाबायचा, सुस्कारा सोडायचा. तिचे डोळे ह्याच्या चेहऱ्यावर. शेवटी एकदा तो म्हणायचा, 'बघ.' आणि ती मोबाईलवर उघडायची, आणि तिच्या तोंडावर जो उजेड पडायचा तो विजयसिंहनं त्यापूर्वी संसारात कधी बघितला नव्हता. बाहेरच्या खोलीतून आई म्हणायची, 'माज्या लेकाबिगर हिचं पान हलत न्हाय.' घरात चहा पुन्हा आधी त्याला मिळायला लागला.

पण साईट दुरुस्त झाली की सगळं संपायचं. ती सूप उचलून आत जायची ती पुन्हा काही मोडेपर्यंत फिरकायची नाही. मग एकदा त्यानं पुतण्याच्या मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो तसेच्या तसे चढवले, बारीक न करता. चुकूनच. साईट रखडायला लागली आणि ती लसूण घेऊन आली. पुढच्या खेपेला चढवले ते चुकून नव्हे. मग फोटोंचा खटाटोप तरी कशाला, म्हणून ती ओळ घातली. पाहिजे तेव्हा वाढवायची, पाहिजे तेव्हा कमी करायची, एखाद्या दिवशी काढून टाकायची आणि म्हणायचं, बघ, झाली मोकळी. ती त्याला देव समजते असं त्याला वाटायचं, आणि तसं वाटून घेताना त्याला लाज वाटायची नाही; उलट छाती भरून यायची. आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या बायकोचा धंदा बुडवायचा म्हणजे कमाल झाली. तर तसं नाही. बुडवायचा त्याच्या मनात कधीच नव्हता. त्याला फक्त ती खुर्चीशेजारी बसलेली पाहिजे होती.

गेल्या दिवाळीला मात्र त्यानं हद्द केली. फराळाच्या ऑर्डरी चालू झालेल्या, घरात बायकांची ये-जा, भाजणीचा वास, आणि हिला ह्याच्याकडं बघायला फुरसत नाही. दोनदा हाक मारली तर म्हणाली, 'मंग येते, आता हात गुतल्यात.' तो खोलीत गेला, लॅपटॉप उघडला आणि साईटचं नाव ती ज्या मशीनवर ठेवली होती त्याच्यापासून तोडून टाकलं. राजेश्वरी मसाले जगातून नाहीशी झाली. ती धावत आली तेव्हा तो म्हणाला, 'कंपनीकडनं घोळ झालाय. जोडलंय मी परत, पण जगभर पसरायला वेळ लागतो. माझ्या हातात काय नाही.' त्याच्या हातातच होतं सगळं. ती दारातच खाली बसली. तळलेल्या चकल्यांचे डबे भिंतीला लावलेले, ते तिथंच राहिले आणि मऊ पडले. ती रडली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी, आणि विजयसिंहनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवताना त्याला किती बरं वाटलं होतं ते आठवून ह्या घटकेला, बारामतीत, एसीत, त्याच्या अंगावर काटा आला. त्या दिवाळीनंतर ती रडली नाही. साईट रखडली की यायची, विचारायची, 'उघडतीया का?' पण लसूण सोलायचा हात थांबायचा नाही. तो म्हणायचा, बघ, आणि ती 'उघडली बाई एकदाची!' म्हणायची. एकदा तर तो 'बघ' म्हणायच्या आधीच म्हणाली. तेव्हा त्याला काहीतरी टोचलं होतं. पण टोचलेलं उपटून बघायची त्याला सवय नव्हती.

पान उघडलं. चाक गेलं आणि नथ घातलेली, डोईवर पदर घेतलेली राजेश्वरी स्क्रीनवर आली. करुणानं पान पुन्हा मागितलं आणि चाक पुन्हा फिरायला लागलं. 'हळू आहे, सर,' ती म्हणाली.

'होस्टिंग जरा स्वस्तातलं आहे, मॅडम. घरगुती धंदा.'

'होस्टिंग ठीक आहे. आमचेही दोघे-तिघे तिथंच आहेत.'

'मग फोटो. फोटो जड असतील.'

'फोटो तर तुम्ही छान बारीक केलेत.' तिनं स्क्रीनच्या खालच्या बाजूला एक तक्ता उघडला. त्यात आडव्या रेघा होत्या, कोणत्या कामाला किती वेळ गेला त्याच्या. सगळ्या रेघा बोटाच्या पेराएवढ्या, आणि सगळ्यांत वर एक लांबच्या लांब. करुणानं पेन उलटं धरून त्या रेघेवरून फिरवलं. 'हे बघा. इथं काहीच काम चाललेलं नाही. सर्व्हर नुसता बसून आहे. त्याला कुणीतरी बसायला सांगितलंय.' मग तिनं ह्याच्याकडं बघितलं. ओरडून बघितलं असतं तरी चाललं असतं. ती डॉक्टर लोक बघतात तशी बघत होती. विजयसिंहनं पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यात पाणी नव्हतं.

'ही साईट आम्ही आधी बघितलीये,' करुणा म्हणाली. 'दिवाळीनंतर त्या ताई आल्या होत्या आमच्याकडं. इंदापूरहून, एसटीनं. साईट का रखडते ते फक्त सांगा म्हणाल्या. आम्ही बघितलं आणि सांगितलं. मग ही नवी करून दिली.' तिनं दुसरा पत्ता टाइप केला, छोटासा, आणि बोट वर घेते न घेते तोच पान उघडलेलं होतं. चाक नाही, काही नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: म्हाळसा. खाली धरणाचं पाणी, पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं जुनं देऊळ, आणि त्याच्या पायरीवर ती. नथ नाही, पदर नाही, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, आणि ती तोंड उघडून हसत होती. तिची वरच्या बाजूची एक दाढ पडलेली आहे हे विजयसिंहला त्या फोटोत पहिल्यांदा कळलं. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, ओळीनं. म्हाळसाताई, तुमच्या आईच्या हातची चव आली. म्हाळसाताई, मुलीच्या डोहाळजेवणाला पाठवा. म्हाळसा, अगं मी तुझ्या वर्गातली, तुझं नाव दिसलं म्हणून उघडलं. तो वाचत गेला. पान कितीही खाली ओढलं तरी अडत नव्हतं.

'पासवर्ड आणलात तर जुन्या साईटमधली ती ओळ काढून देतो, म्हणालो होतो आम्ही,' करुणा म्हणाली. 'त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, राहू द्या, घरात एक आजारी माणूस आहे, त्यांचा त्याच्यावर वेळ चांगला जातो.' हे सांगताना तिनं समोरचा ह्याचा बायोडाटा बोटानं जरासा सरळ केला. त्यावर नाव होतं, आडनाव होतं, इंदापूरचा पत्ता होता. तिला येताक्षणी कळलं होतं की मधेच कधी कळलं, हे विजयसिंहला पुढं कधीही समजलं नाही. पितळेची मूर्ती डोळे मिटून बसली होती. 'मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज...' असं तो म्हणाला, आणि करुणा म्हणाली, 'असेल. आम्ही कळवतो तुम्हाला, सर. आणि तब्येतीला जपा.' लॅपटॉप आत घालताना बॅगेची चेन अडकली. ती सुटेपर्यंत करुणा उभी राहून थांबली, घाई न करता.

इंदापूरच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, निमगाव केतकीला पानमळ्यांचा हिरवा पट्टा आला आणि गेला, आणि विजयसिंह मनातल्या मनात बोलत होता. माझ्या घरात राहून. माझ्या पाठीमागं. एसटीनं, एकटी, बारामतीला. आणि कुणाच्या दारात, तर त्या... इथं त्याच्या मनानं नेहमीची घाण ओकली आणि त्यालाच तिचा वास आला. आजारी माणूस! तो शब्द दातात अडकलेल्या तंतूसारखा जीभ लावून लावून निघेना. तिनं चोरी केली असती, दुसरा कुणी गडी गाठला असता, तर ह्याला ओरडता आलं असतं, चार माणसं बोलावता आली असती. पण तिनं काय केलं? आठ-आठ दिवसांनी येऊन खुर्चीशेजारी बसली. उघडतीया का, म्हणाली. उघडली बाई एकदाची, म्हणाली. आजाऱ्याला दोन घास चारून ताट उचलून न्यावं तसं. दिवाळीपासून आजपर्यंतचे सगळे लसूण त्याला आठवले. आपण भुवया आकसायचो तेव्हा ही आत काय म्हणत असेल? हसत असेल? हसत असती तरी बरं. कीव करत असेल ह्या विचारानं त्यानं तोंड खिडकीबाहेर धरलं. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, 'लिंबू हाय माज्याकडं, देऊ का दादा?' तो नको म्हणाला. तरी तिनं हातात कोंबलंच.

घरी आला तेव्हा आई बाहेरच्या खाटेवर पडली होती. 'झालं का रं काम?' 'झालं,' तो म्हणाला आणि थेट मागच्या खोलीकडं निघाला. ह्या खोलीत तो कधी जात नसे. तिथं तिखट कांडून यायचं, चाळलं जायचं, भरलं जायचं. मिरचीच्या खाटानं, त्या नाकातोंडात झोंबणाऱ्या वासानं, ह्याचा जीव घाबरायचा, आणि ते बायकांचं काम म्हणून आजवर ह्याला कुणी तिथं बोलावलंही नव्हतं. गेल्या दिवाळीपासूनची सगळी गुपितं त्या उघड्या दाराआड, चार पावलांवर होती, आणि कुणाला कुलूप लावायचीही गरज पडली नव्हती. दारात तो थांबला. उन्हाळ्याचं काम चाललेलं, परातीत मिरच्यांचा डोंगर, भिंतीला पाकिटांच्या थप्प्या, आणि प्रत्येक पाकिटावर तेच देऊळ आणि तेच नाव. ती पाठमोरी बसून पाकिटं भरत होती. बसमध्ये जुळवलेलं सगळं जिभेवर तयार होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि ते बाजूला राहून भलतंच बाहेर पडलं.

'म्हाळसा.'

'ओ,' ती म्हणाली.

लगेच. हाक पुरी होते न होते तोच, हात न थांबवता, मान न वळवता, जन्मभर त्याच हाकेला ओ देत आल्यासारखी. मग तिला कळलं की हाक कुणी मारली. हातातलं पाकीट तिनं नीट मिटवलं, थप्पीवर ठेवलं, आणि वळली. घाबरलेली नव्हती. विजयसिंहनं शोधलं, तिच्या तोंडावर भीती शोधली, दंड धरला होता त्या दिवसाची. ती कुठंच नव्हती.

'बारामतीला गेला व्हता व्हय,' ती म्हणाली. 'करुणाताईंकडं.'

त्यानं बोलायला छाती भरून घेतली, आणि भरलेल्या छातीत खाट शिरला. ठसका लागला. शिंका लागल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक गळतंय, दाराची चौकट धरून तो वाकला. ती उठली, माठातलं पाणी घेऊन आली आणि त्याच्या हाताला लावलं. पाठीवर हातही फिरवला. दिवाळीला त्यानं तिच्या डोक्यावरून फिरवला होता तसाच, सावकाश.

'आजारी हाय का मी?' श्वास मिळाल्यावर तो म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज घोगरा फुटला. 'आजारी माणूस म्हणतीस मला?'

'मंग काय म्हणू?' ती म्हणाली. 'नवरा असं करतो म्हणून सांगू? लोकाला?' ती पुन्हा परातीपाशी जाऊन बसली. 'त्या म्हणत व्हत्या पोलिसात जावा. मी म्हणलं, नगं. चकल्या मऊ पडल्या त्या दिवशी लई राग आला व्हता. वाटलं व्हतं उठून जावं पळसदेवला. मंग म्हणलं कशाला? माझं काय अडलंय आता? आन् तुमी ततं गुतून ऱ्हाता, माझ्या पाकिटाला हात लावत न्हाय. माझं बरंच चाललंय की.'

'बंद करतो मी ती साईट. आत्ताच्या आत्ता.'

'करा की,' ती म्हणाली. 'तिच्यावर कोण येतंय? तुमी दिलेलं नाव हाय, तुमालाच ऱ्हाऊ द्या. पर आत्याबाईंस्नी काय सांगाल? त्या अख्ख्या गल्लीला सांगत असत्यात, माझ्या लेकावर धंदा चाललाय. त्यांचं तेवढं एकच राह्यलंय.' तिनं मिरचीचं देठ खुडलं, टाकलं, दुसरं घेतलं. ती रागावली असती तर त्याला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. पण ती मिरचीकडं बघत होती, आणि मिरची चांगली निघाली होती यंदा, त्याचंच समाधान तिच्या तोंडावर होतं. तो दारातच उभा होता. आत यायला त्याला खाट आडवा येत होता आणि परत जायला पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, 'काय गं पोरी, काय झालंया? का ठसकतोय त्यो?' म्हाळसानं एकदा नवऱ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग मान वर करून, खाटेपर्यंत नीट ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाली, 'काय न्हाय वो आत्याबाई! साईट उघडंना झालीया सकाळपास्नं. ह्यांचीच वाट बघत व्हते. अहो, बघा की जरा, लई खोळंबा झालाय माझा!'

'तरी म्हणलं,' आई सुखानं म्हणाली. 'जा रं बाबा, बघ तिचं आदी. चहा मागनं घे.'

विजयसिंह आपल्या खोलीत आला. खुर्चीत बसला. बॅगेची चेन पुन्हा अडकली, ती त्यानं ओढून तोडली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. खुर्चीशेजारची फरशी रिकामी होती, पुसलेली. त्यानं पत्ता टाइप केला आणि राजेश्वरी ताबडतोब उघडली, नथ घालून, पदर घेऊन, त्याच्याकडं बघत. ह्या लॅपटॉपवर ती कधीच रखडली नव्हती. कोडमध्ये जाऊन त्यानं ती ओळ शोधली आणि पुसायला बोट बटणावर ठेवलं. पुसली तर साईट चालायला लागणार होती, आणि मग बघायला काही उरणार नव्हतं. त्याचं बोट तिथंच राहिलं.

'उघडली का रं?' आईनं बाहेरून विचारलं.

त्यानं भुवया आकसल्या. दोनचार बटणं उगाच दाबली.

'वेळ लागतोय,' तो म्हणाला.